हॉट रॉड ते पेराक : ट्रिब्यूट गाडी नेमके काय जपते?

गेल्या वर्षी मेकॅनिकल शाखेच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी प्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांची येझदी रोडकिंग घरी पडून होती. आजोबा मूळचे बेळगावचे. नोकरीनिमित्त बेंगळुरूला आले तेव्हा गाडी सोबत घेऊन आले. नातवाला तिची बॉबर करायची होती. म्हणजे मागचे मडगार्ड कापायचे, लांब सीट काढून एकट्यापुरती सीट बसवायची, टाकीला मॅट काळा रंग द्यायचा. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते, 'एका क्लासिक गाडीला ट्रिब्यूट'. मी विचारले, "ट्रिब्यूट नेमका कुणाला? आजोबांच्या गाडीला, की ज्या अमेरिकन गाड्यांसारखी ती दिसणार आहे त्यांना?" त्याला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर मलाही चटकन देता आले नसते. हे टिपण त्या प्रश्नातून तयार झाले आहे.

आधी तीन शब्द वेगळे करू. जुनी गाडी तिच्या मूळ अवस्थेत परत आणणे म्हणजे रिस्टोरेशन. मूळ गाडीची मापे घेऊन तशीच दुसरी बनवणे म्हणजे रेप्लिका. ट्रिब्यूट या दोन्हींपेक्षा सैल असते. भाग नवे, ब्रेक आणि टायर आजचे, पण पाहणाऱ्याला एखादी जुनी गाडी आठवावी अशा बेताने ती बांधलेली असते. रिस्टोरेशन चुकले तर ते चुकले असे दाखवता येते, कारण तपासायला मूळ गाडीची कागदपत्रे आणि मापे असतात. ट्रिब्यूटला असा मापदंड नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे बांधणारा ठरवतो, म्हणून त्याच्या निवडीवरून त्याला इतिहास किती कळला आहे हे दिसते. या निवडीत तीन गोष्टी येऊ शकतात : गाडीचे रूप, तिचे यंत्र आणि ती बनवण्याची रीत. पुढचे प्रत्येक उदाहरण वाचताना या तिन्हींपैकी काय टिकले ते पाहा.

कॅलिफोर्नियातल्या जुन्या फोर्ड

ट्रिब्यूट बांधणीची सगळी भाषा हॉट रॉडच्या जगातून आली आहे, म्हणून सुरुवात तिथून. हॉट रॉड कुठल्याही कंपनीने बनवली नाही. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने सुमारे दीड कोटी मॉडेल टी गाड्या बनवल्या. त्यामुळे १९३०च्या दशकात अमेरिकेत जुनी फोर्ड ही पोरासोरांच्या खिशाला परवडणारी वस्तू झाली. १९३२ मध्ये फोर्डने व्ही-८ इंजिनाची गाडी बाजारात आणली. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती, आणि साध्या रोडस्टरची किंमत ४६० डॉलर. आठ सिलिंडरचे इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असे. ते सामान्यांच्या गाडीत आले आणि काही वर्षांत भंगाराच्या अड्ड्यांवरही मिळू लागले. हलकी जुनी गाडी आणि तिच्यात दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन, हा हॉट रॉडचा मूळ हिशेब.

गाडी पळवायला जागा हवी होती. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला वाळवंटात म्युरॉक आणि एल मिराज अशी सुकलेली सरोवरे आहेत, मैलोन् मैल सपाट. तिथे वेग मोजण्याच्या शर्यती होत. त्या शिस्तीत घेण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. मडगार्ड काढणे, बॉनेट उतरवणे, छत कापून चार इंच खाली आणणे हे सगळे आज आपल्याला स्टाइल वाटते. तेव्हा ते गणित होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी ८० किलोमीटरवरून १६० वर जायचे तर केवळ हवेसाठी आठपट शक्ती लागते. इंजिनातून आठपट शक्ती निघत नसेल, तर समोरचे क्षेत्रफळ आणि वजन कमी करणे हाच मार्ग उरतो. पत्रा कापायला पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा उद्योग एकदम वाढला. सैन्यातून परतलेल्या तरुणांना वेल्डिंग, लेथ, इंजिन खोलणे-जोडणे हे सगळे येत होते. बाजारात युद्धसाहित्य कवडीमोलाने विकले जात होते. १९४६ मध्ये बिल बर्क नावाच्या गड्याने लढाऊ विमानाच्या पंखाखाली लावायची इंधनाची जादा टाकी विकत घेतली आणि तिच्यात इंजिन व चाके बसवून शर्यतीची गाडी केली. टाकीचा आकार हवेसाठीच घडवलेला होता. मग नवे बॉडीवर्क करायचे कशाला? त्याच वर्षी अॅलेक्स झायडियसने सो-कॅल स्पीड शॉप हे दुकान उघडले. त्याची टाकीगाडी १९५२ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांपर्यंत गेली. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघाले, १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन आली. गल्लीतल्या उद्योगाला नियम, हेल्मेट आणि वर्गवारी मिळाली.

मग कंपन्यांनीच त्यांची गरज संपवली. १९५५ मध्ये शेव्हरोलेने लहान आणि हलके व्ही-८ इंजिन आणले. १९६४ पासून पॉन्टिअॅक जीटीओसारख्या गाड्या शोरूममध्येच मिळू लागल्या. जे काम पोरे हप्ताभर गॅरेजमध्ये राबून करत ते आता हप्त्यांवर विकत मिळत होते. हॉट रॉड वेगासाठी उरली नाही, तेव्हापासून ती आठवणीसाठी बांधली जाऊ लागली. १९३२च्या फोर्डचे मूळ पत्रे संपत आले, तसे फायबरग्लासचे साचे आले. पुढे ओहायो राज्यातल्या ब्रुकव्हिल या कंपनीने पोलादी बॉडी नव्याने दाबून विकायला सुरुवात केली. आज तिथे एकही जुना भाग नसलेली १९३२ची फोर्ड बांधता येते. १९९७ मध्ये पीट शॅपुरिसने झायडियसच्या संमतीने सो-कॅल हे दुकानाचे नावसुद्धा पुन्हा उभे केले.

त्याच वर्षी क्रायस्लर कंपनीने प्लिमथ प्राउलर विक्रीला आणली. पुढची चाके उघडी, नाक निमुळते, मागे उतरती पाठ; सरळसरळ हॉट रॉडचे रूप. पण इंजिन ३.५ लिटरचे व्ही-६ आणि गिअर स्वयंचलित. जाणकारांनी तिची टर उडवली : व्ही-८ नाही, क्लच नाही, ही कसली हॉट रॉड? २००२ पर्यंत एकूण ११,७०२ गाड्या बनल्या आणि ती बंद झाली. मला ही टीका अर्धीच पटते. प्राउलरमध्ये कंपनीने अॅल्युमिनियमचा सढळ वापर करून पाहिला. अॅल्युमिनियम कसे जोडायचे, चिकटवायचे, मोठ्या प्रमाणावर कसे घडवायचे, याची ती फिरती प्रयोगशाळाच होती. हाताशी असलेल्या वस्तूवर प्रयोग करून पाहणे ही हॉट रॉडची रीत होती. यंत्र चुकले असेल, रीत थोडीफार राहिली.

आपल्याकडे असे का झाले नाही

विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा 'आपल्याकडे तशी वृत्ती नव्हती' असे स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हे चूक आहे. वृत्ती होती; भंगार नव्हते.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारजोडणी सुरू केली होती, फोर्डचीही मुंबईत जोडणी होत असे. पण हे सगळे प्रमाण लहान. १९५१ मध्ये देशभरातल्या नोंदणीकृत मोटारवाहनांची संख्या, ट्रक, बस, मोटारसायकली सगळे धरून, सुमारे ३ लाख होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे देशातच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच परवानगी असावी. त्यानंतर या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी इथला गाशा गुंडाळला. उरल्या अॅम्बॅसेडर, फिएट आणि स्टँडर्ड. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. अशा बाजारात जुनी गाडी स्वस्त होत नाही. कॅलिफोर्नियातला मुलगा जी गाडी कापू शकत होता ती त्याच्या घरच्यांनी टाकून दिलेली होती. आपल्याकडे तीच गाडी घरातली सर्वांत महाग वस्तू होती. आयुधपूजेला तिला झेंडूचा हार पडत असे. तिच्यावर करवत कोण चालवणार?

तरी अपवाद होते आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी होती. १९५०च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षे तिथे शर्यती झाल्या. मद्रास, कोइमतूर, बेंगळुरू, मुंबई, कलकत्ता इथून लोक आपापली घरी बांधलेली यंत्रे घेऊन जात. फिएटचे इंजिन, हाताने वाकवलेल्या नळ्यांची चौकट, अॅल्युमिनियमचा पत्रा. कॅलिफोर्नियात सरोवर सुकले होते, इथे युद्ध संपून धावपट्टी मोकळी झाली होती. तिकडेही १९५० मध्ये सांता आना इथे ड्रॅग शर्यती विमानतळाच्या धावपट्टीवरच सुरू झाल्या. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच परंपरेतून पुढे मारुतीचे इंजिन वापरणारी फॉर्म्युला मारुती गाडी उभी केली. आज तुमच्यापैकी कुणी फॉर्म्युला भारतच्या चमूत असेल, तर ज्या ट्रॅकवर तुम्ही जाता त्या कोइमतूरच्या ट्रॅकला त्यांचेच नाव आहे.

दुसरा अपवाद हरियाणातल्या मंडी डबवालीचा. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपगाड्या तिथे यायच्या आणि कारागीर त्यांतून नव्या जीप उभ्या करायचे. भंगार जिथे मिळाले तिथे हॉट रॉडची रीत आपोआप आली, असा याचा अर्थ. तिला तसे नाव कुणी दिले नाही. आपण तिला जुगाड म्हणालो आणि हसलो.

म्हैसूरची गाडी, प्रागचे नाव

आता बेंगळुरूच्या जवळ येऊ. आयडियल जावा या कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याखाली मोटारसायकली बनवायला सुरुवात केली. १९७३ पासून येझदी हे नाव आले, १९७८ मध्ये रोडकिंग. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ज्यांनी ती गाडी चालवली आहे त्यांना तिच्या तीन गोष्टी हमखास आठवतात. एक, किक आणि गिअरचा दांडा एकच; किक मारून तोच दांडा पुढे ढकलला की गिअर. दोन, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. तीन, टू-स्ट्रोकचा आवाज आणि मागे राहणारा निळसर धूर. जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात तिचे भाग शोधणारे लोक आजही भेटतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. बेंगळुरूत त्या सकाळी तो धूर पुन्हा दिसतो.

२०१६ मध्ये महिंद्रा समूहाच्या गुंतवणुकीतून क्लासिक लेजंड्स ही कंपनी उभी राहिली आणि १५ नोव्हेंबर २०१८ रोजी तिने नवी जावा आणली. टाकीचा गोलवा, क्रोमचा पट्टा, लालसर रंग, दोन सायलेन्सर. रूप अगदी जुने. आत मात्र २९३ सीसीचे, पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन. ते हवेने थंड होणारे वाटावे म्हणून त्यावर पंखे, म्हणजे फिन, काढलेले. गाडी बनते मध्य प्रदेशात पीथमपूरला.

अनेक जुने जावावाले इथेच नाराज झाले : टू-स्ट्रोक का नाही? हे समजून घ्यायला थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला परत जावे लागेल. टू-स्ट्रोक इंजिनात वाल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. नवे मिश्रण आत येण्याची खिडकी आणि जळका वायू बाहेर जाण्याची खिडकी काही काळ एकाच वेळी उघड्या राहतात. त्या क्षणी ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच बाहेर निघून जातो. वर पेट्रोलमध्ये मिसळलेले वंगणतेल जळते, तो धूर वेगळाच. १९९६ आणि २००० मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले, २०१७ मध्ये बीएस-४ सगळ्या देशाला लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. कार्ब्युरेटर लावलेले जुने टू-स्ट्रोक या चाळणीतून जाणे शक्यच नव्हते. म्हणजे ज्या यंत्रामुळे ती गाडी ओळखली जायची तेच यंत्र परत आणण्यावर बंदी होती. कंपनीच्या हातात फक्त रूप उरले, आणि ते तिने मन लावून केले असे मी म्हणेन.

याच कंपनीची पेराक या टिपणाच्या विषयाच्या सर्वांत जवळची. मूळ जावा पेराक प्रागमध्ये जर्मन ताब्याच्या काळात गुपचूप आखली गेली आणि १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जगाला दिसली. झेक भाषेत 'पेरो' म्हणजे स्प्रिंग. तेव्हा बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक फ्रेमला ताठ बांधलेले असे. या गाडीत मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या नळ्या होत्या, डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या. शिवाय ताब्याच्या काळात प्रागमध्ये अशी दंतकथा होती की कुणी एक स्प्रिंगवाला माणूस रात्री छपरांवरून उड्या मारत फिरतो आणि सैनिकांच्या हाती लागत नाही. त्यालाही पेराकच म्हणत. नाव असे दुहेरी अर्थाने चिकटले.

नव्या पेराकची विक्री नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. ३३४ सीसी, किंमत १ लाख ९४ हजार रुपये. आणि रूप? मूळ पेराकचे नाही. ती आहे बॉबर. बॉबर म्हणजे हॉट रॉडची दुचाकी बहीण. अमेरिकेत महायुद्धाच्या आगेमागे लोकांनी वजन कमी करायला मडगार्ड कापले, मागची सीट काढली, त्यातून आलेली धाटणी. नव्या पेराकची एकट्याची सीट हवेत तरंगल्यासारखी दिसते. मागे स्प्रिंग नाहीच असा भास व्हावा म्हणून शॉकअॅब्सॉर्बर सीटखाली लपवला आहे. ज्या गाडीचे नाव स्प्रिंग दिसत होती म्हणून पडले, तिच्या ट्रिब्यूटमध्ये स्प्रिंग लपवली आहे! नाव प्रागचे, धाटणी कॅलिफोर्नियाची, ओढ म्हैसूरची, कारखाना पीथमपूरचा. ही तक्रार नाही. गाडी देखणी आहे, स्टाफ पार्किंगमध्ये एक उभी असते आणि मी रोज वळून पाहतो. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून विचारले, की ही कुणाची आठवण आहे, तर उत्तर 'एका नावाची' असे द्यावे लागते.

नावाचीही मालकी असते. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते व्यापारचिन्ह अवसायनात निघालेल्या जुन्या आयडियल जावा कंपनीचे असल्याचा निकाल दिला. प्रकरण पुढे अपिलात गेले. कारखाना जाऊन पंचवीस वर्षे झाली, यंत्रे भंगारात गेली, तरी भांडण्याइतके मोल एका शब्दात उरले होते.

चेन्नईच्या रॉयल एनफील्डची गोष्ट याहून गमतीची आहे. १९६०च्या सुमाराला इंग्लंडमधले तरुण आपल्या मोटारसायकलींचे हँडल खाली आणून, पाय मागे घेऊन, एका कॅफेपासून दुसऱ्यापर्यंत पळवत. तीच कॅफे रेसर. ते पाहून १९६४ मध्ये एनफील्डने तशीच तयार गाडी काढली, २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी. इंग्लंडमधली कंपनी १९७० पर्यंत संपली, मद्रासची शाखा टिकली. तिनेच २०१३ मध्ये लंडनमध्ये कॉन्टिनेंटल जीटी ५३५ आणली आणि २०१८ मध्ये दोन सिलिंडरची जीटी ६५०. पोरांची नक्कल कंपनीने केली आणि पन्नास वर्षांनी त्या नकलेला ट्रिब्यूट दिला. जीटी ५३५ची फ्रेम मात्र हॅरिस परफॉर्मन्स या शर्यतीच्या फ्रेम घडवणाऱ्या ब्रिटिश दुकानाकडून करून घेतली होती, आणि २०१५ मध्ये एनफील्डने ते दुकानच विकत घेतले. जुन्या कॅफे रेसरवाल्यांचा भर चांगल्या फ्रेमवर असे. त्यामुळे इथे रूपाबरोबर थोडी रीतही आली, असे मला वाटते.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणे धावती सांगतो. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने २००० नंतरच्या दशकात एक रोडस्टर बांधली. ती कॉलिन चॅपमनच्या १९५७च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर. नळ्यांची फ्रेम, फायबरग्लासची बॉडी. तिच्यात अॅम्बॅसेडरमध्ये येणारे १.८ लिटरचे इसुझु इंजिन होते. इथेच आणि सहज मिळणारे इंजिन उचलायचे आणि हलक्या गाडीत घालायचे. १९३२च्या हिशेबाला भारतात इतके जवळ दुसरे कुणी गेल्याचे मला आठवत नाही. दुसरे उदाहरण पुण्याच्या बजाज ऑटोचे. विक्रांत ही विमानवाहू नौका मुंबईत मोडीत निघाल्यावर तिचे पोलाद घेऊन २०१६ मध्ये कंपनीने व्ही-१५ ही मोटारसायकल काढली. ते पोलाद तिच्या टाकीत वापरले. ना जुने रूप, ना यंत्र, ना रीत. फक्त धातू. आमच्या वर्गात यावर दरवर्षी वाद होतो आणि मिटत नाही.

संग्रहालय आणि शोरूम यांच्या मध्ये

वरच्या उदाहरणांत तुमच्या लक्षात आले असेल की भारतातली ट्रिब्यूट गाडी बहुतेक कंपनीकडून येते. तिकडे गॅरेजमधून कारखान्याकडे प्रवास झाला. इथे कारखान्यातच सुरुवात. याचे एक कारण बाजार, ते पाहिले. दुसरे कारण कायदा.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरे असलेली पाटी मिळते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर नाही.

म्हणजे मूळ गाडीला संरक्षण आहे, नव्या प्रमाणित गाडीला परवानगी आहे, मधल्या गाडीला जागा नाही. कॅलिफोर्नियात २००१च्या एका कायद्याने घरी बांधलेल्या गाड्यांसाठी दरवर्षी पहिल्या ५०० जणांना वेगळी सोय दिली : गाडी ज्या सालची दिसते किंवा इंजिन ज्या सालचे आहे, त्या सालचे प्रदूषण-नियम तिला लावायचे. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी करून मंजुरी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे निदान पेट्रोल गाडीत इलेक्ट्रिक किट बसवण्यासाठी मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून किट प्रमाणित करून घेता येते. पण ते किट बनवणाऱ्यासाठी. एकट्या गाडीवाल्यासाठी नव्हे.

माझे मत विचाराल तर, आपल्या रस्त्यांवरची गर्दी पाहता कडक नियम मला समजतात. ब्रेक न बदलता इंजिन मोठे केलेली गाडी मी वर्कशॉपमध्ये पाहिली आहे आणि ती चालवणाऱ्या मुलाला चांगले झापलेही आहे. पण तपासणी करून 'हो' म्हणण्याचा मार्गच नसेल, तर लोक तपासणी टाळून करतात. मग चांगले वेल्डिंग आणि वाईट वेल्डिंग कायद्याच्या नजरेत सारखेच ठरते. तुम्हा विद्यार्थ्यांसाठी एक उघडी वाट आहे ती स्पर्धांची. बाहा एसएई इंडिया २००७ पासून, पुढे सुप्रा आणि फॉर्म्युला भारत. तिथल्या गाड्या रस्त्यावर येत नाहीत, ट्रॅकवर धावतात. आत शिरण्याआधी परीक्षक एकेक बोल्ट तपासतात. १९३७ मध्ये सरोवरावरच्या पोरांनी स्वतःसाठी जे केले तेच हे.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. रोडकिंगच्या आरसीवर आसनक्षमता दोन लिहिलेली आहे. एकट्याची सीट लावली की तिथेच विसंगती आली, मडगार्ड तर दूरच. आम्ही असे ठरवले की आजोबांच्या गाडीला हात लावायचा नाही. शिवाजीनगरच्या बाजारातून त्याने कागद नसलेली, इंजिन जाम झालेली एक गंजकी फ्रेम वजनावर आणली. वर्षभर ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात होती. मागच्या भागाचा ताण त्याने आधी संगणकावर काढला, मग जोड कापून पाहिला, दोनदा चुकला. किक आणि गिअरचा एकच दांडा त्याने तसाच ठेवला; तो भाग जोडायला सर्वांत जास्त दिवस लागले. गाडी रस्त्यावर येणार नाही. विभागाच्या व्हरांड्यात स्टँडवर उभी आहे, पहिल्या वर्षाची मुले दांडा खालीवर करून बघतात.

सादरीकरणाच्या दिवशी आजोबा आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, दांडा पायाने ढकलून पाहिला, मान डोलावली. मग त्या एकट्या सीटकडे बघून नातवाला विचारले, "आणि तुझी आजी कुठं बसायची रे?"